घरच्या खाऊची वही : काटेरी हलव्याच्या नोंदी

२४ नोव्हेंबर २०२४, रविवार

कामाला आज सुरुवात. ठरलंय ते असं : आमच्या घरात लहानपणी जो खाऊ व्हायचा, त्याची एकेका पदार्थाला एक पान याप्रमाणे वही करायची. त्या पानावर प्रमाण येईलच, पण ते सगळ्यात कमी महत्त्वाचं. कोणत्या दिवसांत व्हायचा, चुलीपाशी कोण बसायचं, पोरांच्या वाट्याला काय यायचं, शिकवताना मोठी माणसं नेमकं काय बोलायची, हे सगळं लिहायचं.

असं का, तर आजीची वही समोर आहे. तिच्यात हलव्यापुढे एकच ओळ आहे : 'साखर एक शेर, तीळ मूठभर, पाक एकतारी.' एवढ्यावरून जन्मात कुणाला हलवा यायचा नाही. आजीला तेवढं पुरायचं, कारण बाकी सगळं तिच्या हातात होतं आणि शेजारी बसून बघणाऱ्या लेकी होत्या. त्या लेकींपैकी थोरली आत्या आज अठ्ठ्याहत्तर वर्षांची आहे. आमच्यात हाताने हलवा केलेली आता ती एकटीच, म्हणून पहिलं पान हलव्याचं.

मुदतही आपोआप ठरली आहे. संक्रांत १४ जानेवारीला आहे आणि भाचीच्या मुलाचं पहिलं बोरन्हाण यंदाच आहे. त्याच्या अंगावरचे दागिने घरच्या हलव्याचे असावेत अशी सगळ्यांचीच इच्छा आहे.

१ डिसेंबर, रविवार

साताऱ्याला आत्याकडे. फोनवर रेकॉर्डिंग लावून ठेवलं आणि तिला बोलू दिलं. प्रश्न अगदी मोजकेच विचारले, ते बरं झालं. मध्येमध्ये तोडलं असतं तर ती नुसती कृती सांगून मोकळी झाली असती.

हलव्याचं काम मार्गशीर्ष सरता सरता सुरू व्हायचं. पहाटे चारला आजी शेगडी पेटवायची. कोळसे फुलले की त्यांच्यावर राखेचा पातळ थर पसरायचा, म्हणजे आच खालून येते पण भडकत नाही. वर कल्हईची पितळी परात. तिळाला आदल्या दिवशी ऊन दाखवून, पाखडून घेतलेलं असायचं. परातीत तीळ पसरायचे, चमचाभर पाक सोडायचा आणि उजव्या हाताच्या बोटांनी हलवत राहायचं. पाक सुकला, तीळ सुटे झाले की पुढचा चमचा. ऊन वर आलं की काम बंद. दुसऱ्या दिवशी पहाटे पुन्हा तेच दाणे, तीच परात. असे कितीतरी दिवस.

"हात दाबायचा नाही गं. नुसतं शिवायचं आणि पुढं सरकायचं. दाबलास की काटा मोडला." हे तिने तीनतीनदा सांगितलं. वहीत हे तिच्याच शब्दांत जाणार.

मला स्वतःला आठवते ती भुकटी. हलवताना साखरेची पिठी सुटते आणि परातीत खाली बसते. ती काढली नाही तर दाण्यांवर चिकटून काटे बुजतात, म्हणून दर थोड्या वेळाने चाळावं लागतं. चाळणं हे पोरांचं काम आणि चाळणीखाली पडलेली भुकटी हा पोरांचा हक्क. कोमट, तिळाच्या वासाची, जिभेवर ठेवताच विरघळणारी ती पिठी आम्ही वाटीत घेऊन पांघरुणात बसून खायचो. खरा हलवा संक्रांतीलाच मिळायचा, त्याच्या आधी एक दाणाही नाही. आमच्या लेखी हलवा म्हणजे ती भुकटीच होती आणि अजूनही आहे.

आत्याने आणखी एक गोष्ट सांगितली, जी मला अजिबात माहीत नव्हती. तिच्या लग्नाआधीच्या वर्षांत साखर रेशनवर असायची. १९६७ नंतर रेशनची साखर आणि खुल्या बाजारातली साखर असे दोन भाव झाले, आणि खुली परवडायची नाही. त्यामुळे आजी दिवाळीपासूनच दर महिन्याच्या रेशनमधली थोडी थोडी साखर वेगळ्या डब्यात टाकत राहायची. मुलांचा दुधातला चमचा अर्धा व्हायचा. आजूबाजूच्या जिल्ह्यांत सहकारी साखर कारखान्यांच्या चिमण्या उभ्या राहत होत्या, दारावरून उसाच्या गाड्या जात होत्या, आणि घरात मात्र हलव्यासाठी साखर साठवावी लागत होती. आजीच्या वहीतल्या त्या 'एक शेर'च्या मागे हे एवढं सगळं होतं. हे पानावर आलंच पाहिजे. प्रमाणाच्या अगदी शेजारी.

६ डिसेंबर, शुक्रवार

पुण्यात काम सुरू केलं, पण हवा साथ देत नाही. फेंगल चक्रीवादळ पाँडिचेरीकडे येऊन गेल्यापासून इथेही ढगाळ आहे आणि थंडी पार पळाली आहे. परातीत पाक सोडला की सुकायला फार वेळ घेतो, तीळ एकमेकांना धरून बसतात, बोटांना चिकटतात. दाण्यावर चकाकी येते. काटा येत नाही.

आत्याला फोन केला. "आभाळ हाय तवर हात लावू नकोस." झालं, थांबले.

कारण सरळ आहे. हलव्याचं सगळं गणित पाण्यावर आहे. पाकातलं पाणी पटकन उडून गेलं की मागे उरलेली साखर खडे होऊन दाण्यावर बसते. हवेतच दमटपणा असेल तर पाणी उडता उडत नाही आणि साखर ओलसर थर होऊन राहते. कोरडी, थंड हवा पौषाच्या तोंडावर मिळते. हलवा संक्रांतीचाच का, आषाढातला का नाही, याचं एक उत्तर या परातीत आहे. पानावर 'ऋतू' असा वेगळा रकाना घातला.

८ डिसेंबर, रविवार

हवा सुधारेपर्यंत दुसरं काम. सगळ्या चुलत-आते भावंडांना विचारलं होतं, लहानपणचा कोणता खाऊ वहीत हवा. याद्या आल्या. गुळपापडी, खरवस, आंबापोळी, राजगिऱ्याची वडी, बोरकूट, मीठ लावलेली चिंच, साखरगाठी. आणि जवळजवळ प्रत्येकाच्या यादीत दुकानातल्या गोळ्या. लिमलेट, पेपरमिंट, पानपसंद, किसमी.

दादाने रावळगावच्या गोळीवर पानभर लिहून पाठवलंय. आजोबा बाजारातून आले की कोटाच्या खिशातून एकेक काढून द्यायचे, वगैरे. वालचंद हिराचंदांनी १९३३ साली मालेगावजवळ रावळगावला साखर कारखान्याचा उद्योग उभा केला आणि १९४२ पासून तिथे गोळ्या व्हायला लागल्या, हेही त्याने शोधून लिहिलंय. गेल्या फेब्रुवारीत ते गोळ्यांचे ब्रँड रिलायन्सने सत्तावीस कोटींना घेतले तेव्हा तो बराच हळवा झाला होता. मलाही त्या दिवशी कसंसं झालं होतं.

ठरवलं ते असं : दुकानातल्या खाऊची पानं वहीच्या शेवटी. तिथे कृती नाही, फक्त कुणी, कधी, कोणत्या खिशातून दिला तेवढंच. दादाचं म्हणणं, त्यांनाही घरच्या पदार्थांइतकाच मान हवा. बरोबर आहे त्याचं. आजोबांना स्वयंपाकघरात कुणी फारसं येऊ दिलं नाही. ती गोळी हाच त्यांच्या हातचा खाऊ होता.

१५ डिसेंबर, रविवार

थंडी परत आली. पहाटे खिडकीच्या काचा गार. आज काटा आला!

सविस्तर लिहिते, कारण पानावर हाच भाग कामाचा आहे.

पाक : दोन वाट्या साखर, एक वाटी पाणी. उकळी आली की चमचाभर दूध. दूध फाटून वर येतं आणि साखरेतली मळी आपल्याबरोबर घेऊन येतं. ती झाऱ्याने काढायची, पाक फडक्यातून गाळायचा, पुन्हा आचेवर ठेवायचा. दोन बोटांत धरून बघायला एक तार निघाली की बंद. दादाचा थर्मामीटर लावून पाहिला, तेव्हा तो एकशे पाच अंशांच्या जवळपास होता. पुढे गेला, गोळीबंद व्हायला लागला, तर परातीत पसरायच्या आतच घट्ट होतो. त्यामुळे एकतारीवर थांबणं महत्त्वाचं. पाकात लिंबू नको, असं आत्याने बजावलं होतं. आंबटाने साखर फुटते, म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगळे होतात, आणि मग तिचे खडे नीट बनत नाहीत. आत्याला ग्लुकोजचं नाव घ्यायची गरज कधी पडली नाही. "लिंबू पिळलंस तर लाडू वळ त्याचे," इतकंच ती म्हणाली.

आच : शेगडी आता नाही. गॅसच्या बारीक आचेवर जाड लोखंडी तवा, तव्यावर परात. राखेचं काम तवा करतो. परात हाताला चटका देईल पण बोट ठेवून हलवता येईल इतकीच गरम.

हात : सुरुवातीला काहीच दिसत नाही. तिळाचा रंग पांढुरका होतो, एवढंच. खूप वेळाने दाणा बोटाला खरखरीत लागायला लागतो. डोळ्याला दिसायच्या आधी बोटाला कळतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं. मग त्या खरखरीचे बारीक उंचवटे होतात, आणि पुढचा पाक त्या उंचवट्यांवरच जास्त बसतो, तिथेच सुकतो, तेच वाढत जातात. दुपारी भिंगाखाली धरून पाहिला तर तिळावर चहूबाजूंनी बोथट टोकं उभी होती, मध्ये खोलगट जागा, आणि टोकांवर साखर अगदी पारदर्शक.

पाक थेंबाथेंबानेच घालायचा. चमचा भरून घातला की दरी भरून येते आणि टोकं बुजतात. घाईने काटा येत नाही. थांबत, सुकू देत, पुन्हा घालत तो येतो.

१७ डिसेंबर, मंगळवार

कामावर जायच्या आधी थोडा वेळ बसले. बारीक चाळणीने भुकटी काढली, परात पुसून घेतली. भाचीची मोठी लेक शाळेच्या गणवेशात चाळणीपाशी उभी होती. वाटी तिला दिली. तिने विचारलं, हे टाकायचं असतं का? मी म्हटलं, हे तुझं असतं.

२२ डिसेंबर, रविवार

आत्या पुण्याला आली. आल्या आल्या हातपाय धुऊन परातीपाशी. दोन दाणे तोंडात टाकले, एक दाढेखाली फोडला. "बरा हाय. आतला तीळ कच्चा लागतोय जरा." तीळ हलके भाजून घ्यायचे, हे तिने आधी सांगितलं नव्हतं, कारण तिच्या लेखी ते सांगायची गोष्टच नव्हती. अशा न सांगितलेल्या गोष्टींसाठीच तिला परातीपाशी बसवणं गरजेचं होतं.

मग ती स्वतः बसली. हे मी व्हिडिओत घेतलंय, पण कागदावरही हवं. तिचा हात परातीभर फिरत नाही. एका कडेने सुरुवात करून ती दाणे स्वतःकडे ओढते, मग बोटांच्या टोकांनी हलकेच पुढे ढकलते, आणि ढकलताना बोटं किंचित उघडते म्हणजे दाणे त्यांच्यामधून लोळत जातात. सगळे दाणे लोळले पाहिजेत, घसरले तर नाही. लोळलेल्या दाण्याला सगळीकडून काटा येतो, घसरलेल्याला एका अंगाने. माझा हात गोल गोल फिरत होता. तिच्या हाताने पाऊण तासात जो काटा उठला तो मला आठवडाभरात उठवता आला नव्हता.

तिची बोटांची टोकं गुळगुळीत आहेत, ठसा जवळजवळ नाहीच. रेशनच्या यंत्रावर अंगठा उमटत नाही म्हणून तिला दर वेळी त्रास होतो. हलव्याने, की आयुष्यभराच्या चुलीने, कोण सांगणार.

दुपारी दादाने एक गोष्ट सांगितली ती इथे टिपून ठेवते. जपानात आपल्या हलव्याचं सख्खं भावंड आहे, कोंपेतो. असाच काटेरी, साखरेचा, छोटा. पोर्तुगीजांनी तो तिकडे नेला. लुईस फ्रॉइस या मिशनऱ्याने १५६९ मध्ये ओदा नोबुनागा या सरदाराला कोंपेतोची बाटली भेट दिली होती. तिकडेही पूर्वी आतला दाणा तिळाचा असायचा. आता मोठ्या तिरक्या, गरम, फिरणाऱ्या कढईत करतात आणि तरी दोनएक आठवडे लागतात. आत्याने दादाच्या फोनवर कढई पाहिली आणि म्हणाली, "बघ, त्यांचंबी लोळतंयच."

५ जानेवारी २०२५, रविवार

दागिन्यांचं काम. तिळाचा हलवा दागिन्यांना बारीक पडतो, त्यासाठी साबुदाण्याचा वेगळा केला. त्याला काटा लवकर धरतो आणि दाणा टपोरा होतो. बडीशेपेचाही थोडा केला, लांबट मण्यांसाठी. लवंगेवर करून पाहायचं राहिलं, पुढच्या वर्षी.

हलवा सुईने टोचायचा नाही, फुटतो. पांढऱ्या दोऱ्याचा फास करून त्यात दाणा बसवायचा आणि फास ओढायचा. दोरा काट्यांच्या मध्ये रुततो आणि दाणा तिथेच राहतो. काटे नीट आले नसतील तर दाणा निसटतो, म्हणजे काटा नुसता दिसण्यासाठी नाही. हे मला करेपर्यंत कळलं नव्हतं.

आई, काकू, धाकटी आत्या, भाची, सगळ्या गोल करून बसल्या. बाळासाठी मुकुट, बाजूबंद, कंबरपट्टा आणि बासरी. मुकुटाला खालून पुठ्ठा आणि सोनेरी कागद. काकूने स्वतःच्या पहिल्या संक्रांतीचा फोटो आणला होता. काळी चंद्रकळा, हलव्याचं मंगळसूत्र, तन्मणी, बांगड्या. ते दागिने आजीने केले होते. काकू म्हणाली, सासरी आल्यावर आजीशी तिचं पहिलं मोकळं बोलणं झालं ते तेव्हा, दागिने अंगावर घालून बघताना. आजी मापासाठी मनगटाला दोरा गुंडाळत होती आणि माहेरच्यांची एकेक चौकशी करत होती. इतकी वर्षं आम्हाला हे कुणालाच माहीत नव्हतं. पानावर घेतलं, काकूच्या परवानगीने.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. तिळगुळाबरोबर वाटीत हलवा. शेजारच्या आजोबांनी एक दाणा तळहातावर घेऊन बराच वेळ फिरवून पाहिला आणि विचारलं, हा घरचा? त्यांनी आणखी मागून घेतला.

२६ जानेवारी, रविवार

बोरन्हाण. संक्रांत ते रथसप्तमी यांच्या मधला सगळ्यांना जमेल असा हा रविवार. बाळाला काळं झबलं, वर सगळे दागिने. पाटावर बसवून औक्षण केलं आणि डोक्यावरून बोरं, उसाचे करवे, हरभऱ्याचे घाटे, भुईमुगाच्या शेंगा, चुरमुरे आणि हलवा. पोरं तुटून पडली. पहिल्या दोन मिनिटांत बाळाच्या बासरीचं टोक त्याच्याच तोंडात गेलं होतं, आणि तोंड बंद ठेवून तो चोखत बसला तो शेवटपर्यंत.

एक पाहिलं. हल्ली बोरन्हाणात गोळ्या-चॉकलेटंही घालतात, आम्हीही घातली. पोरांनी आधी चॉकलेटं उचलली, हे खरं. पण खाली बसून, फरशीवरून एकेक दाणा टिपून खाल्ला तो हलवा. बोटाला चिकटत नाही, हातात लोळतो, त्यामुळे टिपत बसायला मजा येते.

आत्याला त्या सगळ्या आवाजात झोप लागली होती. तिला उठवून मुकुट दाखवला. तिने एक दाणा नखाने हलवून पाहिला, निघाला नाही. "बसलाय," म्हणाली.

९ फेब्रुवारी, रविवार

हलव्याच्या पानाचा पहिला खर्डा सगळ्यांना पाठवला. सूचना आल्या, वादही झाला. दादाला तापमान वर हवं, ठळक. मला ते खाली, कंसात हवं होतं. त्याचा मुद्दा असा की पुढच्या पिढीच्या शेजारी आत्या नसेल, थर्मामीटर असेल. हे मला पटलं. म्हणून आता दोन्ही एकाच ओळीत : 'दोन बोटांत एक तार, साधारण १०५ अंश.' बोटं आधी.

सध्या चालू काम खरवसाचं. धाकट्या आत्याच्या गावी म्हैस व्यायली, पहिल्या दिवसाचा चीक आला. तो फारच घट्ट असतो, त्यामुळे साधं दूध मिसळून, गूळ, वेलची, जायफळ घालून वाफवला. चिकातली प्रथिनं नुसत्या उष्णतेने धरतात, विरजण लागत नाही की काही नाही. दुसऱ्या दिवसाच्या चिकाला दूध कमी घालायचं, तिसऱ्या दिवसाच्या चिकाला जवळजवळ नाहीच. वासराचं पोट भरल्यावर उरेल तेवढाच चीक घ्यायचा, हे धाकट्या आत्याने पहिल्या ओळीत लिहायला लावलंय.

३० मार्च, रविवार

गुढीपाडवा. साखरगाठी विकतच्याच आणल्या. लाकडी साचे थोरल्या आत्याच्या माळ्यावर आहेत असं ती म्हणते, पण काढायला कुणी चढलेलं नाही. मेमध्ये सगळे जमतील तेव्हा काढू.

हलव्याचं पान आज पक्कं झालं. वरच्या बाजूला ऋतू : मार्गशीर्ष अखेर ते संक्रांत, कोरडी पहाट, आभाळ असताना नाही. मग साखर कुठून यायची ते. मग पाक, आच, हात. हाताच्या भागात आत्याची वाक्यं तिच्याच बोलीत आहेत, ती कुणी शुद्ध करायची नाहीत. खाली काकूची आठवण. आणि अगदी शेवटी, प्रमाणाच्या रकान्यात, 'भुकटी : चाळणाऱ्या पोरांची.'

पानाच्या प्रती काढून सगळ्या घरी पाठवल्या. मेमधल्या कामांची यादी : आंबापोळी उन्हात घालायची, साचे माळ्यावरून काढायचे, धाकट्या आत्याकडून बोरकुटाची कृती घ्यायची. साबुदाण्याचा उरलेला हलवा काचेच्या बरणीत, झाकण घट्ट लावून, भाचीकडे ठेवला आहे. पावसाळ्यात बरणी उघडू नये.